कदमचालीची विद्या : प्रस्तावना

गोदावरी, पूर्णा आणि दुधना या नद्यांनी भिजवलेल्या परभणी जिल्ह्याच्या काळ्या मुलखात, जेथे मृगाची पहिली जोरदार सर कोसळल्यावर गाड्यांची चाके आऱ्यांपर्यंत रुतत आणि एका गावाहून दुसऱ्या गावास जाण्याची वाट पुढील कित्येक महिने पायी चालणाऱ्याच्या किंवा तट्टावर बसणाऱ्याच्याच स्वाधीन राही, तेथे अश्वारोहण हे रोजच्या व्यवहाराची गरज म्हणून रुजले होते, ही गोष्ट आज नव्याने सांगावी लागते. निजामी अंमलातील तहसीलदार दौऱ्यावर निघे तो घोड्यावरून. त्याच्यामागे पेशकार, गिरदावर आणि दप्तराच्या बासनांनी लादलेली एक-दोन तट्टे असत. आणि जमाबंदीच्या किंवा पीकपाहणीच्या दिवसांत जिंतूर, पाथरी, गंगाखेड या तालुक्यांच्या पांदणींतून हा लवाजमा ज्या गतीने मुक्काम गाठी, ती गती भरधाव दौडीची नसून शांत, एकसारख्या कदमाची असे. १९०० च्या सुमारास गोदावरीच्या खोऱ्यातून मनमाड-सिकंदराबाद लोहमार्ग सुरू झाला, कालांतराने डांबरी सडका आल्या, मोटारसायकली आल्या आणि घोडा गावच्या जीवनातून हळूहळू बाजूस सरला. त्याच्याबरोबर घोड्यावर नीट बसण्याची जी एक मूक तालीम बापाकडून मुलाकडे आपोआप जात होती, तीही खंडित झाली.

प्रस्तुत पुस्तक त्या तालमीचा केवळ पहिला भाग सांगते. घोड्यावर चढणे, बसणे, त्यास चालवणे, वळवणे, थांबवणे आणि उतरणे, हे सर्व कदमाच्या चालीत, एवढीच या पुस्तकाची मर्यादा आहे. दुडकी, रवाल, चौखूर दौड यांविषयी यात एकही प्रकरण नाही. ही मर्यादा हेतुपुरस्सर पत्करलेली आहे. कारण माझा असा दृढ विश्वास आहे की स्वारीची संपूर्ण विद्या कदमात सामावलेली असून, जो तरुण या चालीचा कंटाळा करून दौडीकडे धावतो तो पुढे फार तर घोड्यावर टिकून राहण्यास शिकतो, स्वारी करण्यास शिकत नाही.

हे विधान अतिशयोक्तीचे वाटू नये म्हणून कदम म्हणजे नेमके काय घडते ते प्रथम पाहू. या चालीत घोड्याचे चारही खूर निरनिराळ्या क्षणी भूमीस लागतात: डावा मागचा, डावा पुढचा, उजवा मागचा, उजवा पुढचा, आणि पुन्हा डावा मागचा. असे चार ठोके समान अंतराने पडत राहतात व कोणत्याही क्षणी निदान दोन, पुष्कळदा तीन पाय जमिनीवर टेकलेले असतात. दुडकीत याच्या उलट कर्णरेषेवरचे दोन-दोन पाय जोडीने उचलले जातात आणि मध्ये एक क्षण असा येतो की चारही पाय अधांतरी असतात. नवशिक्या स्वाराला आसनावरून उडवतो तो हाच क्षण. कदमात असा क्षण नाही. म्हणून शरीर भयमुक्त राहते, आणि भयमुक्त शरीरालाच खालून येणारा संदेश ऐकू येतो. धडधाकट माणूस झपाझप चालला तर ज्या गतीने जाईल, साधारण त्याच गतीने, म्हणजे ताशी सहा ते सात किलोमीटर, घोडा कदमाने जातो; त्यामुळे शिकवणाऱ्यास शेजारून चालता येते, बोलता येते आणि वेळ पडल्यास मोरखीला हात घालता येतो.

खालून येणारा संदेश असा: घोड्याचा डावा मागचा पाय पुढे येऊ लागला की त्याचे पोट उजवीकडे झुलते आणि पाठीची डावी बाजू किंचित खाली जाते, त्याबरोबर स्वाराचे डावे नितंबास्थी खाली व पुढे सरकते. दुसऱ्या पायाच्या वेळी हेच उलट बाजूस घडते. मनुष्य स्वतः चालत असता त्याची कंबर ज्या तऱ्हेने पुढे-मागे, वर-खाली आणि बाजूंना हलते, त्या हालचालीशी हे इतके मिळतेजुळते आहे की ज्यांना पक्षाघाताने वा अन्य व्याधीने चालणे दुरापास्त झाले आहे अशा रुग्णांच्या उपचारात, जाणकारांच्या देखरेखीखाली, घोड्याच्या याच चालीचा उपयोग केला जातो. शिकणाऱ्याने पहिले काही दिवस डोळे समोर ठेवून, हात स्वस्थ ठेवून, केवळ कमरेने मागचे पाय मोजावे. कोणता पाय आता उचलला जात आहे हे न पाहता सांगता येऊ लागले म्हणजे तो पहिल्या परीक्षेस उतरला असे मी समजतो. हे ज्ञान शोभेचे नाही. घोड्यास पुढे ढकलण्याचा किंवा वळवण्याचा इशारा टाचेने द्यावयाचा असतो तो मागचा पाय जमिनीवरून उचलला जात असतानाच. पाय एकदा भूमीवर टेकला आणि त्यावर भार पडला की तो पाय कोठे टाकावा हे ठरवण्याचे स्वातंत्र्य घोड्याजवळही उरत नाही, मग स्वाराने कितीही टाचा मारल्या तरी त्या केवळ त्रासदायक होतात. मंद टाचेला प्रतिसाद न देणारी, मारकुट्या स्वारांच्या हाताखाली बधिर झालेली जी तट्टे आपण पाहतो, त्यांच्यापैकी पुष्कळांचा दोष इतकाच असतो की त्यांना नेहमी अवेळी विचारण्यात आले.

आता हाताविषयी. कदमाने चालताना घोडा प्रत्येक पूर्ण पावलाबरोबर दोनदा मान खालीवर करतो. ही मानेची लय त्याच्या समतोलाचा भाग आहे. स्वाराचा कोपर ताठ असेल तर लगामाचे लोखंड प्रत्येक पावलास घोड्याच्या जिभेवर आणि हिरड्यांवर आदळते, आणि थोड्याच वेळात घोडा मान आखडून, पाठ ताठ करून, तुटक पावले टाकू लागतो. कोपर सैल आणि मूठ बंद, अंगठा वर, असा हात ठेवला आणि घोड्याच्या मानेमागे तो निमूट जाऊ दिला, म्हणजे वादी ना ओढलेली ना लोंबणारी अशी राहते. थांबण्याची आज्ञाही अशीच द्यावी: श्वास सोडावा, कंबरेचे डोलणे थांबवावे, मूठ आवळावी, आणि घोडा थांबला रे थांबला की तत्क्षणी मूठ सैल करावी. या शेवटच्या क्रियेवर मी वाचकांचे लक्ष विशेष वेधू इच्छितो. घोडा दाबाने शिकत नाही, दाब सुटल्याने शिकतो. जो स्वार घोडा थांबल्यावरही लगाम ओढून धरतो, तो त्या मुक्या प्राण्याला असे सांगत असतो की तू आज्ञा पाळलीस तरी तुझी सुटका नाही; अशा घोड्याने पुढील वेळी आज्ञा का पाळावी?

आसनाविषयी जुने चाबूकस्वार फार थोडे बोलत आणि जे बोलत ते मांडीविषयी बोलत. कान, खांदा, कमरेचा सांधा आणि टाच ही चार स्थळे एका ओळंब्यात यावीत. पायाचा चवडा रिकिबीत आणि टाच किंचित खाली असावी. गुडघे आवळू नयेत. गुडघ्याने घोडा पकडून ठेवण्याची जी प्रवृत्ती भीतीपोटी प्रत्येक नवशिक्यात उद्भवते, ती त्याला खोगिरावरून वर उचलते आणि त्याची पकड उलट कमी करते. मान खाली घालून आयाळीकडे पाहण्याची सवयही तशीच घातक आहे. मस्तकाचा भार पुढे गेला की सारे शरीर पुढे कलते आणि घोडा पुढच्या पायांवर जड होतो.

या बाबतीत दूरदेशीचे एक उदाहरण फार उद्बोधक आहे. डेन्मार्कची लिझ हार्टेल हिला १९४४ साली पोलिओ झाला आणि गुडघ्याखालचे तिचे पाय कायमचे निकामी झाले. तिला घोड्यावर चढवावे व उतरवावे लागे. तरीही १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये, घोड्याच्या शिस्तबद्ध चालींची कसोटी पाहणाऱ्या ड्रेसाज या प्रकारात, तिने पुरुषांच्या बरोबरीने उतरून रौप्यपदक मिळवले आणि १९५६ साली ते पुन्हा मिळवले. पोटऱ्या आणि टाचा यांचा उपयोगच जिला नव्हता तिने घोड्याशी जो संवाद केला तो कंबर, पाठ आणि हात यांच्या द्वारा. त्याच ड्रेसाज प्रकारात २०२३ साली हांगझो येथील आशियाई क्रीडास्पर्धेत भारतीय संघाने सुवर्णपदक जिंकले. या स्पर्धांत परीक्षक कदमालाही स्वतंत्र गुण देतात, आणि लांब, मोकळ्या कदमाचे मोल त्यात विशेष मानले जाते, हे आपल्याकडील फार थोड्यांना ठाऊक आहे.

परंतु कदमाचे महत्त्व समजण्यास डेन्मार्कपर्यंत जाण्याचे कारण नाही. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर, ज्याच्या साम्राज्यात आपला हा मुलूख मोडत होता, त्याने इ. स. ११२९ च्या सुमारास रचलेल्या ‘मानसोल्लास’ या ग्रंथात अश्वांच्या शिक्षणाचा आणि घोड्यावरून खेळावयाच्या चेंडूच्या खेळाचाही विचार केला आहे. पुढे मराठ्यांच्या घोडदळाने या विद्येस राज्यव्यवस्थेचे रूप दिले. पागेतील सरकारी घोड्यावर बसणारा बारगीर आणि स्वतःचा घोडा व हत्यारे आणून चाकरी करणारा शिलेदार हे भेद सर्वश्रुत आहेत. परंतु सभासदाच्या बखरीत पंचवीस बारगिरांमागे एक हवालदार सांगितला आहे त्याच ओघात त्यांच्यासाठी एक पखालजी आणि एक नालबंदही नेमल्याचे सांगितले आहे, ही बाब मला अधिक अर्थपूर्ण वाटते. पाणी आणि नाल यांचा बंदोबस्त ज्या सैन्यात माणसांच्या मोजणीइतक्याच काटेकोरपणे होतो, ते सैन्य घोड्याला काय समजत होते हे त्यावरून कळते. चिपळूणनजीकच्या छावणीतील जुमलेदार-हवालदारांना शिवाजी महाराजांच्या दरबारातून गेलेले पत्र प्रसिद्ध आहे. दाणा, वैरण आताच मनास येईल तशी उधळाल तर ऐन पावसाळ्यात घोडी उपाशी मरतील आणि त्यांची हत्या तुमच्या माथी येईल, अशा आशयाची ताकीद त्यात आहे. घोड्यावर बसण्याची विद्या घोड्याच्या तोबऱ्यापासून सुरू होते, ही त्या काळच्या राज्यकर्त्यांची समजूत होती, आणि या पुस्तकाचीही तीच आहे.

१७२७-२८ च्या मोहिमेत थोरल्या बाजीरावाने निजामास जालना, सिंदखेड, वाशीम अशा टापूंतून चकवीत अखेर पालखेड येथे कोंडले, हे शाळेतील मुलेही जाणतात. ती चपळाई वर्णन करताना आपण नेहमी भरधाव घोड्यांचे चित्र रंगवतो. लांब पल्ल्याच्या कोणत्याही घोडदळाचा हिशोब वेगळा असतो. दिवसभराच्या मजलेचा मोठा भाग कदमाने, काही भाग दुडकीने, आणि दौड केवळ प्रसंगापुरती. मुक्कामाच्या अलीकडचा शेवटचा मैल पुन्हा कदमाने, म्हणजे घोडा शांत व थंड होऊन ठाणावर पोचावा, हा सर्वत्रचा शिरस्ता. ज्या घोड्यांची पाठ खोगिराने सोलली नाही आणि ज्यांचे पाय जाग्यावर राहिले, तेच दुसऱ्या दिवशी पुन्हा चालू शकतात.

याच जिल्ह्यात, हिंगोली येथे, हैदराबाद काँटिन्जंटची छावणी होती; कारण १ मे १९९९ पर्यंत हिंगोली हा परभणीचाच भाग होता. निजाम आणि इंग्रज यांच्यातील १८५३ च्या तहाने या फौजेस तिचे नाव आणि वऱ्हाडच्या वसुलावर चालणारा तिचा खर्च, दोन्ही निश्चित झाले. १९०३ साली ती हिंदुस्थानच्या लष्करात विलीन झाली. तिच्या रिसाल्यांत शिलेदारी पद्धत चालू होती. स्वार स्वतःच्या घोड्याचा मालक असे, आणि जो मालक असतो तो आपला घोडा अकारण दौडवीत नाही. छावणीच्या आसऱ्याने नालबंद, खोगीर शिवणारे, मोतद्दार, चाबूकस्वार असे कसबी लोक या भागात वस्तीस होते. छावणी उठली आणि त्यांच्या कसबाचे गिऱ्हाईकही उठले. आजच्या तरुणास घोड्याचा तंग कसा आवळावा, दुमची केव्हा लागते, खोगिराखालील गाशाची घडी कशी बसवावी हे सांगणारा माणूस गावात सापडत नाही, त्याचे एक कारण येथे आहे. म्हणून या पुस्तकात ही प्रकरणे थोडी सविस्तर लिहिली आहेत.

तथापि कदमाची शाळा या जिल्ह्यातून सर्वस्वी नाहीशी झालेली नाही. मेंढरांचे कळप घेऊन पावसाळ्यानंतर शिवारोशिवार फिरणाऱ्या धनगरांच्या वाड्यांकडे पाहावे: वाघूर, भांडी, अंथरुणे आणि त्यांवर एखादे लेकरू असा सारा संसार तट्टाच्या पाठीवर लादलेला असतो, आणि ते तट्टू मेंढरांच्या गतीने चालत असते. पाच-सहा वर्षांचे ते पोर ना रिकीब जाणते ना लगाम. पण दिवसभर त्या चालीवर डोलून त्याच्या कमरेत जी लवचीकता येते, ती शहरातील रायडिंग क्लबात पैसे मोजून शिकणाऱ्या प्रौढास वर्षभरात साधत नाही. हे मी आदरपूर्वक सांगतो आणि शक्य असेल त्या वाचकाने असा वाडा मुक्कामी असता त्या मंडळींशी बोलून पाहावे, अशी शिफारसही करतो. आषाढी वारीच्या काळात शेगावहून पंढरीस जाणारी गजानन महाराजांची पालखी परभणी-गंगाखेडच्या वाटेने जाते, तिच्यासोबतचे अश्वही गर्दी, टाळ-मृदंगाचा गजर आणि तापलेली सडक यांतून ज्या शांतीने चालतात, ती शिक्षणाची आहे. आणि आपल्या खेड्यांत आजही परण्या निघतो तेव्हा नवरदेव घोड्यावर बसून मारुतीच्या देवळास जातो. पुष्कळांच्या आयुष्यातील ती एकच स्वारी असते. त्या प्रसंगी घोडा वाजंत्र्यांच्या कर्कश आवाजात बुजू नये, पाठीमागे कोणी उभे राहू नये, घोड्याला कपाळासमोर अगदी जवळचे व शेपटीमागचे दिसत नसल्याने त्याच्याजवळ नेहमी खांद्याच्या बाजूने, बोलत बोलत जावे, एवढे जरी वऱ्हाडी मंडळींनी जाणले तरी अनेक अपघात टळतील.

नांदेड जिल्ह्यातील लोहा तालुक्यात माळेगावच्या खंडोबाची यात्रा मार्गशीर्षात भरते आणि तेथील घोडेबाजारास परभणीकडून अनेक लोक जातात. तेथे घेणाऱ्यांची नजर बहुधा घोड्याच्या रंगावर, भोवऱ्यांवर, नाचावर आणि दुडकीवर असते. माझी सूचना अशी की विकणाऱ्यास प्रथम घोडा मोकळ्या लगामाने कदमाने चालवून दाखवण्यास सांगावे, आणि मग धुळीत उमटलेले खूर वाचावेत. मागच्या खुराचा ठसा पुढच्या खुराच्या ठशावर किंवा त्याच्याही पुढे पडत असेल तर पाठ मोकळी आणि मागचे पाय जोमदार आहेत असे समजावे. तो पुष्कळ मागे पडत असेल, किंवा डाव्या-उजव्या बाजूंच्या ठशांत अंतर सारखे नसेल, तर जाणत्या पशुवैद्याला दाखवल्यावाचून इसार देऊ नये. परभणीत पशुवैद्यक महाविद्यालय आहे, त्याचा लाभ घ्यावा. लंगडणे दुडकीत अधिक उघड दिसते हे खरे. परंतु पाठीचा आखडलेपणा आणि स्वभावाचा अधीरपणा कदमातच दिसतो, कारण वेगात या दोन्ही गोष्टी झाकल्या जातात.

घोडा कोणता घ्यावा, याविषयी येथे एकच शब्द. भीमथडीच्या तट्टांचा जो दख्खनी वंश एकेकाळी मराठ्यांच्या मोहिमांचा आधार होता, त्याची स्वतंत्र जात म्हणून राष्ट्रीय पातळीवर नोंद अलीकडेच झाली आहे, आणि ही अत्यंत आनंदाची वार्ता आहे. कारण २०१९ च्या पशुगणनेत देशभरातील घोडे व तट्टे मिळून अवघी ३ लाख ४० हजारांच्या आसपास भरली, २०१२ च्या मानाने ही घट ४५ टक्क्यांहून अधिक होती. बुटके, काटक, ज्वारीच्या कडब्यावरही गुजराण करणारे हे तट्टू आमच्या जमिनीस आणि खिशास मानवणारे आहे. परंतु खोगिरासह एकूण भार घोड्याच्या वजनाच्या एक पंचमांशाहून अधिक असू नये, हा सर्वसाधारण दंडक त्यासही लागू आहे. अडीचशे किलो वजनाच्या तट्टावर पन्नास किलोंपलीकडे भार नको. म्हणून लहान तट्टे मुलामुलींच्या शिक्षणासाठी राखावीत आणि थोराड माणसांनी मोठा घोडा शोधावा. मुलींचा उल्लेख मी मुद्दाम करतो. या विद्येत शारीरिक बळाचा वाटा फार अल्प आहे आणि कान, संयम व हलका हात यांचा वाटा फार मोठा आहे, हे ज्या आईबापांना पटेल त्यांनी आपल्या लेकींना मागे ठेवू नये.

शिकण्याची जागा आणि ऋतू यांविषयी सांगून ही प्रस्तावना पुरी करतो. उन्हाळ्यात आमच्या काळ्या रानास हात-हात खोल भेगा पडतात, त्यांत घोड्याचा खूर अडकला तर पाय मोडतो. वैशाखात पारा ४४ अंशांच्या आसपास चढतो, तेव्हा पहाटेचा थोडा वेळ सोडून घोड्यास बाहेर काढणे हे पाप आहे. पावसाळ्यात चिखल खुरांना गोळ्यांसारखा चिकटतो आणि तळवे नासतात. सुगीनंतर, ज्वारी पोटऱ्यात असताना, कार्तिकापासून माघापर्यंतच्या सकाळी उत्तम. गावाबाहेरचे वापरात नसलेले एखादे जुने खळे पाहावे. त्याची जमीन चोपलेली, सपाट आणि सहज वर्तुळाकार असते. सुरुवातीस शिकवणाऱ्याने लांब दोर धरून मध्ये उभे राहावे आणि शिकणाऱ्याच्या हाती लगाम देऊच नये. डोक्यावर हेल्मेट असावे, पायात टाच असलेला बूट असावा, म्हणजे पाऊल रिकिबीतून आरपार जाणार नाही. चढण्यापूर्वी तंग स्वतः पाहावा. चढल्यावर काही पावले चालवून पुन्हा पाहावा, कारण पुष्कळ घोडी खोगीर चढवताना पोट फुगवून धरतात. पहिल्या प्रकरणात घोड्यावर बसण्याचा भाग येत नाही. त्यात खरारा, खुरांची सफाई आणि दाणा-पाणी यांचेच विवेचन आहे, आणि वाचकाने ते ओलांडून दुसऱ्या प्रकरणाकडे जाऊ नये, अशी माझी विनंती आहे.